धातूची झडप, रक्त पातळ करणारी गोळी आणि धमन्यांतलं कॅल्शियम

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ५६. लहानपणी येऊन गेलेल्या सांधेतापानं हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती. ती काढून १४ वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली आणि तेव्हापासून रक्त पातळ करणारी अ‍ॅसिट्रॉमची गोळी रोज चालू आहे. मध्यंतरी खोकला हटेना म्हणून छातीचा सीटी स्कॅन काढला. त्याच्या अहवालात ‘हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम’ अशी एक ओळ आली. भावानं वाचलं की रक्त पातळ करणाऱ्या गोळीनंच धमन्यांत चुना साठतो. त्याचं म्हणणं, ही गोळी बंद करू, नव्या पिढीची गोळी घेऊ आणि सोबत के-टूच्या, म्हणजे व्हिटॅमिन केच्या एका प्रकाराच्या, कॅप्सूल सुरू करू. त्या कॅप्सूल घरी येऊनही पडल्या आहेत.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. गोळी बंद करू नका. आज रात्रीची गोळीसुद्धा ठरल्या वेळेला द्या. के-टूची डबी बाजूला ठेवा, आणि आईंनी त्या कॅप्सूल घ्यायला सुरुवात केली असेल तर या उत्तराचा शेवटचा भाग सगळ्यात आधी वाचा.

आता भावाबद्दल. त्यानं वाचलेलं खोटं नाही. ‘असलं काही नसतं, इंटरनेटवर वाचू नका’ असं म्हणून त्याला गप्प करणं मला पटत नाही. या शंकेमागे भक्कम शास्त्र आहे. ते नीट समजलं की गोळी का चालू ठेवायची हेही समजतं.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ या एका नावाखाली आपण तीन वेगळी औषधं एकत्र बांधतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्सॅबान, एपिक्सॅबान या नव्या गोळ्या गुठळी बनवणाऱ्या एखाद्याच घटकावर थेट बसतात. या दोन्ही गटांचा व्हिटॅमिन केशी काही संबंध नाही. तिसरा गट वॉरफरीन आणि अ‍ॅसिनोकौमॅरॉलचा. आपल्याकडे जास्त चालते ती अ‍ॅसिट्रॉम म्हणजेच अ‍ॅसिनोकौमॅरॉल. कॅल्शियमचा प्रश्न फक्त या तिसऱ्या गटाबद्दल आहे. अ‍ॅन्जिओप्लास्टीनंतर अ‍ॅस्पिरिन घेणारे काका हे वाचून घाबरले असतील तर त्यांनी निर्धास्त व्हावं.

यकृत गुठळीसाठी लागणारी काही प्रथिनं बनवतं. ती यकृताच्या पेशींत पहिल्यांदा बनतात तेव्हा अर्धवटच असतात. त्यांना कॅल्शियम पकडता यावं म्हणून चिमटे बसवावे लागतात आणि ते काम व्हिटॅमिन केच्या मदतीनं होतं. हे काम करताना व्हिटॅमिन के वापरलं जातं. मग एक एन्झाइम त्याला पुन्हा ताजं करतं आणि तेच के परत कामाला लागतं. अ‍ॅसिट्रॉम नेमकं हे ताजं करणं अडवते. प्रथिनं बनत राहतात, पण चिमट्याविना. त्यामुळे गुठळी धरायला वेळ लागतो. रक्त खरं तर पातळ होतच नाही, ते उशिरा गोठतं. आयएनआर म्हणजे हाच उशीर मोजण्याची पट्टी.

१९८३ साली अमेरिकेत पॉल प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडातून एक प्रथिन वेगळं केलं. त्यालाही हेच चिमटे होते. त्याचं नाव मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन, आपण एमजीपी म्हणू. हे यकृतात नव्हे, तर कूर्चेत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत तयार होतं. त्याचं काम काय, हे १९९७ मध्ये उंदरांनी दाखवलं. ज्या उंदरांत एमजीपीचं जनुकच काढून टाकलं होतं ते जन्मताना ठीक होते, पण काही आठवड्यांत त्यांच्या महाधमनीत कॅल्शियमचे थर चढले. दोन महिन्यांच्या आत धमनी फुटून ते मेले. भिंतीत कॅल्शियम बसू न देणारा राखणदार नाहीसा झाला होता.

पुढच्याच वर्षी प्राइस यांनी उंदीर जातीच्या मोठ्या प्राण्यांना, म्हणजे घुशीएवढ्या रॅट्सना, वॉरफरीन दिलं आणि सोबत के-वन, म्हणजे व्हिटॅमिन केचा दुसरा प्रकार, दिलं. के कशाला? कारण नुसतं वॉरफरीन दिलं असतं तर ते रक्तस्रावानंच मेले असते. भरपूर के मिळालं की यकृताला एक आडवाट सापडते आणि तिथली प्रथिनं चिमट्यांसह तयार होतात. धमनीच्या भिंतीला ती आडवाट जवळपास नसतेच. म्हणून रक्तस्राव टळला, पण काही आठवड्यांत धमन्यांच्या लवचिक तंतूंवर कॅल्शियम चढलं. गोळीचा यकृतावरचा परिणाम आणि धमनीवरचा परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणारा हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात औषधाची मात्रा माणसाच्या मात्रेच्या मानानं प्रचंड होती, हेही लक्षात असू द्या.

माणसात याचा सगळ्यात ठळक पुरावा गर्भात दिसतो. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात आई ही गोळी घेत असेल तर काही बाळांचं नाक बसकं राहतं आणि हाडांच्या टोकांच्या कूर्चेत कॅल्शियमचे ठिपके दिसतात. कूर्चेतल्या प्रथिनांचे चिमटे बसले नाहीत, म्हणून हे होतं. विषय थोडा बाजूला जातो, तरी सांगतोच. धातूची झडप असलेली मुलगी किंवा सून घरात असेल तर पाळी चुकल्याच्या पहिल्या आठवड्यातच हृदयाच्या डॉक्टरांना कळवायचं. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला गेल्यावर नव्हे. आणि तेव्हाही स्वतःहून गोळी थांबवायची नाही, कारण त्यात आईचा जीव जाऊ शकतो. पर्याय असतात, ते डॉक्टर ठरवतात.

प्रौढ माणसांत मात्र चित्र इतकं स्वच्छ नाही. वॉरफरीन घेणाऱ्यांच्या झडपांत, मांडीच्या धमन्यांत, हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम जास्त आढळल्याचे बरेच अभ्यास आहेत. २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात स्त्रियांचे मॅमोग्राम पाहिले होते. वॉरफरीन सुरू होण्याआधीच्या चित्रांपेक्षा सुरू झाल्यानंतरच्या चित्रांत स्तनातल्या धमन्यांचं कॅल्शियम अधिक होतं. २०१७ मध्ये धमनीच्या आतून अल्ट्रासाउंड करून घेतलेल्या मोजमापांतही वॉरफरीनवाल्यांचं कॅल्शियम जास्त वाढलेलं निघालं. उलट २००९ च्या एका अभ्यासात गोळी किती वर्षं घेतली आणि हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साठलं यांचा काही मेळ बसला नाही.

या सगळ्या अभ्यासांची अडचण एकच आहे. ही गोळी मिळते कुणाला? वय झालेल्यांना, रक्तदाब असलेल्यांना, किडनी थकलेल्यांना, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना. यांच्या धमन्यांत गोळी न घेताही कॅल्शियम साठतंच. गोळीचा वाटा किती आणि रोगाचा किती, हे वेगळं काढायचं तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. तसा एक अभ्यास बेल्जियममध्ये डायलिसिसच्या १३२ रुग्णांवर झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला व्हिटॅमिन के अडवणारी जुनी गोळी, दुसऱ्याला रिव्हारॉक्सॅबान, तिसऱ्याला रिव्हारॉक्सॅबान आणि के-टू. १८ महिन्यांनी तिन्ही गटांचं कॅल्शियम सारखंच वाढलेलं होतं. यावरून जुनी गोळी निर्दोष ठरते असं मी म्हणणार नाही. डायलिसिसच्या रुग्णांच्या धमन्या आधीच कॅल्शियमनं भरलेल्या असतात आणि १८ महिने हा काळही लहान आहे. पण गोळी बदलली किंवा के-टू दिलं की धमनी साफ होते, या दाव्याला त्यातून काहीच आधार मिळत नाही.

माझं मत विचाराल तर, संबंध खरा असावा. इतकी वर्षं चिमट्याविना राहिलेला राखणदार काहीच फरक पाडत नसेल, असं मला वाटत नाही. पण हा फरक साखर, रक्तदाब, तंबाखू आणि किडनी यांच्यापुढे लहान आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कॅल्शियम दिसणं आणि धोका वाढणं या दोन गोष्टी सरसकट एक नाहीत.

धमनीत कॅल्शियम दोन ठिकाणी बसतं. एक आतल्या अस्तरात, चरबीच्या थरासोबत. हार्ट अटॅकशी संबंध याचा. दुसरं मधल्या स्नायूच्या थरात. त्यानं धमनी बंद होत नाही, पण पाइपासारखी ताठ होते. मधुमेह आणि किडनीच्या रुग्णांत हे जास्त असतं, आणि प्रयोगातल्या रॅट्समध्येही मुख्यतः याच थरात झालं होतं. सीटीच्या चित्रात हे दोन थर वेगळे ओळखू येत नाहीत. शिवाय, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनीसुद्धा धमनीतलं कॅल्शियम वाढतं. तरी स्टॅटिननं अटॅक कमी होतात, कारण चरबीचा मऊ, फुटका थर आटून टणक होतो. २००२ मध्ये नॉर्वेतल्या ३,६३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांत नुसत्या अ‍ॅस्पिरिनपेक्षा वॉरफरीन घेणाऱ्यांना पुढचा अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू मिळून कमी झाले. रक्तस्राव मात्र वाढला. धमन्या चुन्यानं भरून ही गोळी माणसं मारत असती तर हा निकाल असा लागलाच नसता.

आता आईंच्या झडपेकडे येतो, कारण निर्णय तिथेच होतो. शरीर धातूला कधीच आपलं मानत नाही. झडपेच्या बिजागरीपाशी रक्त घुटमळतं आणि गुठळी धरायला टपलेलं असतं. मायट्रलच्या जागी तर रक्ताचा वेगही कमी. गोळ्या न घेणाऱ्या रुग्णांचे जुने अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसलं की दर १०० रुग्णांमागे वर्षाला साधारण चौघांना गुठळीचा मोठा झटका बसतो. ही गोळी घेतली की हे प्रमाण एकावर येतं. शिवाय झडपच गुठळीनं जाम होण्याचा धोका वेगळा. मी तीस वर्षांहून अधिक काळ अशा रुग्णांचे आयएनआर बघतो आहे. गोळी बंद केल्यानं जाम झालेली झडप ज्यानं पाहिली आहे तो हा सल्ला हलक्या मनानं देणार नाही. एका मावशींनी शेजारणीच्या सांगण्यावरून तीन आठवडे गोळी सोडली. त्यांच्या नवऱ्याला रात्री शेजारी झोपल्यावर झडपेची टिकटिक ऐकू यायची. एका रात्री ती ऐकू येईना, मावशींना धाप लागली, आणि तेवढ्यावरून त्या माणसानं त्यांना पहाटे दवाखान्यात आणलं. त्या वाचल्या. म्हणून सांगतो, आईंच्या झडपेचा आवाज घरातल्या कुणीतरी ओळखीचा करून ठेवा. तो दबला, किंवा अचानक धाप लागली, तोंड वाकडं झालं, हातापायातली ताकद गेली, तर सकाळची वाट बघू नका.

मग नवी गोळी का नाही? भावाचा हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर रुग्णांवरच्या अभ्यासांतून मिळालेलं आहे. धातूच्या झडपेत डॅबिगाट्रान देऊन पाहिलं गेलं. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. निकाल २०१३ मध्ये आला. पुढे एका विशिष्ट महाधमनी झडपेत एपिक्सॅबानचा प्रयत्न झाला, तोही वेळेआधी थांबला. सांधेतापानं झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्या, पण धातूची झडप नसलेल्या रुग्णांतही २०२२ च्या अभ्यासात रिव्हारॉक्सॅबानपेक्षा जुन्या गोळीनं मृत्यू कमी झाले. त्या अभ्यासात भारतातले रुग्णही होते. नवी गोळी म्हणजे चांगली गोळी हा नियम इथे मोडतो. प्राण्याच्या ऊतीची झडप बसवून गोळीच टाळता आली असती का, असंही लोक विचारतात. चाळिशीतल्या रुग्णात ती झडप काही वर्षांत निकामी होते, आणि निकामी होते ती बहुतेकदा कॅल्शियम साठूनच.

हा प्रश्न ज्यांनी आपल्या डॉक्टरांकडे जरूर काढावा अशी माणसंही आहेत. झडप चांगली आहे, पण ठोके अनियमित आहेत म्हणून, किंवा पायाच्या शिरेत गुठळी झाली होती म्हणून जे वर्षानुवर्षं अ‍ॅसिट्रॉमवर आहेत, त्यांच्यासाठी नव्या गोळ्या हा चांगला पर्याय आहे. त्यांत मेंदूतला रक्तस्राव कमी होतो, दर महिन्याला आयएनआर करावा लागत नाही आणि किमतीही पूर्वीपेक्षा बऱ्याच उतरल्या आहेत. त्यात व्हिटॅमिन के अडत नाही, हा वरचा फायदा समजा. ज्यांची किडनी फार खराब आहे किंवा डायलिसिस चालू आहे त्यांनी तर विचारायलाच हवं. अशा रुग्णांत कॅल्सिफिलॅक्सिस नावाचा भयंकर प्रकार होतो. त्वचेखालच्या बारीक धमन्यांत कॅल्शियम भरतं, मांडीवर किंवा पोटावर असह्य दुखणारे काळे व्रण येतात. वॉरफरीननं त्याचा धोका वाढतो. डायलिसिसवरच्या माणसाला असा व्रण दिसला तर मलमावर वेळ घालवू नका.

आईंच्या सीटीतल्या त्या ओळीचं काय करायचं? तिला गोळीवरचा आरोप समजू नका. धमन्यांची तपासणी व्हायला हवी, इतकाच तिचा अर्थ घ्या. ५६ वय, पाळी गेलेली, एवढ्यानंही कॅल्शियम दिसू शकतं. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए-वन-सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन या तपासण्या करून घ्या. आणि एक प्रश्न मायेनं, एकटीला गाठून विचारा: मिश्री लावतात का? आमच्या भागात या वयाच्या कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री ही तंबाखू नसतेच. ती सुटली तर धमन्यांचं जे भलं होईल ते कुठल्याही कॅप्सूलनं होणार नाही. स्टॅटिन सुरू झालं तर आठवडाभरानं आयएनआर पुन्हा बघा, तो थोडा वर सरकू शकतो. कॅल्शियम दिसलं म्हणून स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरिन जोडू नका. दोन्ही मिळून पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो.

पालेभाजी बंद केली असेल तर ती चालू करा. ‘हिरवं खायचं नाही’ असं सांगून वर्षानुवर्षं या रुग्णांना वरणभातावर ठेवलं जातं, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. ज्यांच्या पोटात के अगदी कमी जातं त्यांचा आयएनआर उलट जास्त हेलकावतो, कारण एखाद्या दिवशीची मेथीसुद्धा मग मोठी ठरते. रोज थोडी खावी, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. थंडीत चाकवत, मेथी, हरभऱ्याचा पाला ताटात वाढतो. श्रावणात उपवासांनी जेवणच बदलतं. त्या दिवसांत आयएनआर एकदा जास्तीचा करून घ्यावा. मायट्रलच्या धातूच्या झडपेसाठी तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. आईंसाठी नेमका किती हवा, हे त्यांच्या डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.

राहिलं के-टू. त्याबद्दलची आशा आभाळातून पडलेली नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत आहारातून जास्त के-टू घेणाऱ्यांत धमन्यांचं कॅल्शियम आणि हृदयरोग कमी दिसला होता. ते २००४ साल. पण डेन्मार्कमध्ये ३६५ पुरुषांना दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम के-टू, सोबत व्हिटॅमिन डी, देऊन पाहिलं, तेव्हा महाधमनीच्या झडपेतलं कॅल्शियम वाढायचं थांबलं नाही. हा निकाल २०२२ चा. आणि ही माणसं अ‍ॅसिट्रॉमवर नव्हती. अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यासाठी के-टू म्हणजे त्याच गोळीचा उतारा. के-टूचा एमके-सेव्हन हा प्रकार शरीरात कित्येक दिवस टिकतो, त्यामुळे अगदी लहान मात्राही आयएनआर खाली ओढते. जपानमध्ये नाट्टो हा आंबवलेल्या सोयाबीनचा पदार्थ वॉरफरीनच्या रुग्णांना वर्ज्य सांगतात, तो याच एमके-सेव्हनमुळे.

आणि हे फक्त परदेशी डबीतून येतं असं समजू नका. आपल्याकडे गुडघेदुखीसाठी, पाळी गेल्यानंतर हाडांसाठी ज्या कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, त्यांतल्या कितीतरी गोळ्यांत ‘व्हिटॅमिन के-टू-सेव्हन’, म्हणजे हेच एमके-सेव्हन, मिसळलेलं असतं. माझ्याकडच्या एका बाईंचा आयएनआर दोन महिने उतरत चालला होता. मी मात्रा वाढवली, पुन्हा वाढवली. आहार तोच, गोळी चुकत नव्हती. शेवटी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं, तेव्हा हाडांची ती गोळी निघाली. मी आधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला पिशवी आणायलाच सांगतो. आईंच्या कॅल्शियमच्या पाकिटामागचं बारीक अक्षर आज वाचा. त्यात के-टू असेल तर डॉक्टरांना विचारून के नसलेली गोळी लिहून घ्या.

कॅप्सूल सुरू करून काही दिवस झाले असतील तर उद्याच आयएनआर करा आणि तो आकडा हृदयाच्या डॉक्टरांना फोनवर सांगा. तो खाली गेलेला असेल तर मधल्या दिवसांसाठी इंजेक्शन लागेल का, हे ते ठरवतील. कॅप्सूल थांबवल्यावर के-टूचा अंमल हळूहळू उतरतो आणि आयएनआर आपोआप वर चढू लागतो. म्हणून मधल्या काळात अ‍ॅसिट्रॉमची मात्रा वाढवली असेल, तर आता ती जास्त ठरू शकते. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदा आणि दहा दिवसांनी पुन्हा तपासा. हिरड्यांतून रक्त, काळं शौच, लाल लघवी किंवा न लागता उठलेले निळे डाग दिसले तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी आयएनआर करून डॉक्टरांकडे जा.